एका पत्रावर गेलेलं डोमेन : सेक्स डॉट कॉमचं प्रकरण

ऑक्टोबर १९९५ मध्ये स्टीफन कोहेन नावाच्या माणसाने डोमेनची, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांची, नोंदणी करणाऱ्या नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे एक पत्र पाठवलं. सेक्स डॉट कॉम हे डोमेन तेव्हा गॅरी क्रेमेनच्या ‘ऑनलाइन क्लासिफाइड्स’ या व्यवसायाच्या नावावर होतं. हे पत्र आपल्याला त्या व्यवसायाकडून आलंय, असं कोहेनचं म्हणणं. कोहेनला उद्देशून लिहिलेला मजकूर थोडक्यात असा : गॅरी क्रेमेन यांना आम्ही काढून टाकलं आहे, पण नोंदणीतलं संपर्काचं नाव बदलायचं राहून गेलं. संचालक मंडळाने सेक्स डॉट कॉम हे डोमेन सोडून द्यायचं ठरवलं आहे. आमच्याकडे इंटरनेटची थेट जोडणी नाही, तेव्हा नोंदणीवाल्यांना तुम्हीच कळवा. डोमेन तुमच्या नावावर व्हायला आमची हरकत नाही.

नावातच ‘ऑनलाइन’ मिरवणाऱ्या व्यवसायाकडे इंटरनेट नाही, हे कुणालाही खटकलं नाही. क्रेमेनला ना फोन गेला, ना ईमेल. डोमेन कोहेनच्या नावावर चढलं. पत्र बनावट होतं. काही काळाने क्रेमेनने चौकशी केली तेव्हा त्याला सांगण्यात आलं की आता बदल मागे घेता येणार नाही.

डोमेनच्या धंद्यात या प्रकरणाचा उल्लेख बहुतेक वेळा आकड्यांसाठी होतो. मात्र त्यात शिकण्यासारखं जे आहे ते किमतीच्या अलीकडचं आहे. पुढच्या पंधरा वर्षांत या एका नावाची चोरी झाली, खटला झाला, विक्री झाली, त्यावर कर्ज निघालं, लिलाव लागला, दिवाळखोरी झाली आणि पुन्हा विक्री झाली. यातली बहुतेक भानगड दोनच प्रश्नांभोवती फिरते : नोंदीत कुणाचं नाव आहे, आणि खरा हक्क कुणाचा आहे?

फुकट मिळालेली मालमत्ता

क्रेमेनने हे डोमेन १९९४ मध्ये नोंदवलं. हाच गॅरी क्रेमेन पुढे मॅच डॉट कॉमचा संस्थापक म्हणून ओळखला गेला. त्या काळात डॉट कॉमची नोंदणी अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनशी झालेल्या करारानुसार एकटी नेटवर्क सोल्यूशन्स करायची. फी नव्हती. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांचे १०० डॉलर आकारायला सुरुवात झाली, म्हणजे वर्षाला ५०. कोहेनचं पत्र त्यानंतर जेमतेम महिनाभरात आलं.

फुकट मिळालं ही गोष्ट क्रेमेनला पुढे कोर्टात महागात पडली. नेटवर्क सोल्यूशन्सने करार मोडला असा त्याचा एक मुद्दा होता. पण करार व्हायचा तर दोन्ही बाजूंनी काहीतरी मोबदला द्यावा लागतो, आणि क्रेमेनने काहीच दिलं नव्हतं. तो मुद्दा अपिलातही टिकला नाही. म्हणून आजही मौल्यवान डोमेनच्या पावत्या जपून ठेवाव्यात. नूतनीकरणाची दहा-पंधरा डॉलरची पावती क्षुल्लक वाटते, पण वर्षानुवर्षं पैसे कुणी भरले हे दाखवणारा तोच कागद असतो.

चोरीनंतर कोहेनने या नावावर प्रौढांसाठीच्या जाहिरातींचा मोठा धंदा उभा केला. शोधयंत्रं तेव्हा बाल्यावस्थेत होती. लोक मनात आलेला शब्द घ्यायचे, पुढे डॉट कॉम लावायचे आणि ब्राउझरमध्ये थेट टाइप करायचे. अशा आपसूक येणाऱ्या गिऱ्हाइकाला धंद्यात ‘टाइप-इन ट्रॅफिक’ म्हणतात. मजकूर नसला, जाहिरातीवर खर्च नसला, तरी हे गिऱ्हाईक येतच राहतं. एका शब्दाच्या डॉट कॉमला तेव्हा भाव आला तो यामुळे.

कोर्टाने काय ठरवलं

क्रेमेनने १९९८ मध्ये दावा लावला. कोहेनचा बचाव असा की आपण १९७९ पासून एका संगणकीय बुलेटिन बोर्डावर हे नाव वापरत आलो आहोत, म्हणून हक्क आपला. ट्रेडमार्कसाठीही त्याने अर्ज केला होता. न्यायाधीश जेम्स वेअर यांना हे पटलं नाही. नोव्हेंबर २००० मध्ये त्यांनी डोमेन क्रेमेनला परत द्यायचा आदेश दिला आणि २००१ मध्ये ४ कोटी डॉलर भरपाई अधिक २.५ कोटी डॉलर दंडात्मक भरपाई, अशी ६.५ कोटी डॉलरची डिक्री केली.

डिक्री मिळाली, पैसे मिळाले नाहीत. खाती गोठवण्याचा आदेश झुगारून कोहेनने रक्कम देशाबाहेर वळवली आणि तो स्वतः मेक्सिकोत गेला. क्रेमेनने त्याला पकडून देणाऱ्यासाठी ५०,००० डॉलरचं बक्षीस लावलं आणि त्याची जाहिरात त्याच डोमेनवर चालवली. बक्षिसाच्या मागे लागलेल्यांच्या आणि मेक्सिकन अधिकाऱ्यांच्या गोळीबारात माणसं मरतील, असं सांगत कोहेनच्या वकिलांनी अटक वॉरंट मागे घेण्याची विनंती केली, हे चक्क अपील कोर्टाच्या निकालपत्रात नोंदलेलं आहे. कोहेनला २००५ मध्ये तिहुआनात अटक झाली. डिक्रीतली बहुतांश रक्कम वसूल झालीच नाही.

धंद्याच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा निकाल नेटवर्क सोल्यूशन्सविरुद्धचा. खालच्या कोर्टाचं म्हणणं होतं की डोमेन ही हाताला लागणारी वस्तू नाही, तेव्हा ‘दुसऱ्याची मालमत्ता परस्पर देऊन टाकली’ हा दावा त्याला लागू होत नाही. जुलै २००३ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने हे मत उलटवलं. निकाल न्यायाधीश अ‍ॅलेक्स कोझिन्स्की यांनी लिहिला. मालमत्ता ठरायला तीन कसोट्या : हक्काची नेमकी व्याख्या करता यावी, त्यावर एकट्याचा ताबा राखता यावा, आणि तो ताबा एकट्याचा असण्याला रास्त आधार असावा. डोमेन तिन्हींत बसतं. जमिनीच्या नोंदणी कार्यालयात तुकड्यावर हक्क नोंदवावा तसंच हे, असं कोर्टाने म्हटलं.

याहून धारदार भाग पुढे आहे. या प्रकारच्या दाव्यात हेतू बघितला जात नाही. नोंदणी कंपनीची फसवणूक झाली असेल, पण मालमत्ता तिच्या हातून गेली आणि क्रेमेनने काहीच चुकीचं केलं नव्हतं. तेव्हा भुर्दंड तिने सोसावा आणि वसुलीसाठी कोहेनच्या मागे तिने धावावं, हे अन्याय्य नाही, असा युक्तिवाद कोर्टाने मांडला. पुढे २००४ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं.

सगळ्या देशांत, किंवा अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांतही, कायदा याच भाषेत बोलतो असं समजू नये. काही कोर्टांनी डोमेनकडे निव्वळ सेवा-कराराचा हक्क म्हणून पाहिलं आहे. मोठ्या रकमेच्या करारात कोणत्या ठिकाणचा कायदा लागू होईल हे कलम घालायचं ते म्हणूनच.

विक्री, आणि तिच्यावरचा बोजा

जानेवारी २००६ मध्ये क्रेमेनने डोमेन एस्कॉम नावाच्या कंपनीला विकलं. बातम्यांत आलेले आकडे १ कोटी २० लाख ते १ कोटी ४० लाख डॉलरच्या दरम्यानचे आहेत. खरेदीमागे डीओएम पार्टनर्स या धनकोचं कर्ज होतं आणि तारण होतं हेच डोमेन.

डोमेन सांभाळायला जवळजवळ खर्च नाही, हे खरंच. पण पैशाला खर्च असतो. समजा ८० लाख डॉलर १२ टक्क्यांनी उचलले, तर व्याज वर्षाला ९ लाख ६० हजार, म्हणजे दिवसाला सुमारे २,६३०. (हा हिशेब नमुन्याचा आहे, एस्कॉमच्या अटी नव्हेत.) दरम्यान शोधयंत्रं सुधारली, माणसं शब्द टाइप करायचं सोडून शोधायला लागली. त्यामुळे २००६ मध्ये २००० सालची कमाई डोळ्यांसमोर ठेवून किंमत लावणं धोक्याचं होतं. नावाची किंमत ठरवताना गेल्या बारा महिन्यांची भेटींची आणि उत्पन्नाची आकडेवारी मागायची, त्याआधीची फक्त ऐकून घ्यायची.

एस्कॉमचं कर्ज थकलं. धनकोने तारण विकायला काढलं, मार्च २०१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिलाव ठरला. बोली लावायला येणाऱ्याने १० लाख डॉलरचा प्रमाणित धनादेश आणायचा होता. लिलावाच्या आदल्या दिवशी एस्कॉमच्या तीन इतर धनकोंनी कॅलिफोर्नियात तिच्याविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. असा अर्ज पडला की अमेरिकी कायद्याने सगळ्या वसुल्या आपोआप थांबतात. लिलाव बारगळला. शेवटी सेडो या डोमेन-दलाल कंपनीमार्फत, कोर्टाच्या मान्यतेने, २०१० च्या अखेरीस डोमेन क्लोव्हर होल्डिंग्ज या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला गेलं.

कोर्टामार्फत झालेली खरेदी किचकट आणि सावकाश असते, पण तिचा एक मोठा फायदा असतो. कोर्टाच्या आदेशात डोमेन बोज्यांपासून मोकळं करून दिल्याचं नमूद करता येतं. खासगी व्यवहारात ही सफाई खरेदीदाराला स्वतः करून घ्यावी लागते. ती कशी, ते याच प्रकरणाचे टप्पे डोळ्यांसमोर ठेवून पाहू.

ताबा म्हणजे मालकी नव्हे

विक्रेता खरा आहे का हे तपासायची सर्रास पद्धत अशी : खरेदीदार एक मनचा मजकूर देतो, विक्रेत्याने तो डोमेनच्या डीएनएसमध्ये (नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं हे सांगणाऱ्या नोंदींमध्ये) टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराची, नोंद म्हणून टाकायचा. दहा मिनिटांत दिसला की खात्री झाली, असं मानतात. ही तपासणी करावीच. पण ती फक्त ताबा सिद्ध करते. १९९६ मध्ये कोहेनही ती हसत हसत पास झाला असता.

मालकीसाठी मागे जावं लागतं. मे २०१८ मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाल्यापासून सार्वजनिक नोंदीत मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं. जानेवारी २०२५ पासून तर डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी डोमेन कुणाचं हे सांगणारी जुनी ‘हू-इज’ सेवा देणं रजिस्ट्रारवर (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीवर) बंधनकारकही राहिलेलं नाही, तिची जागा आरडॅप या नव्या सेवेने घेतली आहे. आजच्या नोंदीतून मुख्यतः रजिस्ट्रार, तारखा, नेमसर्व्हर (डोमेनच्या डीएनएस नोंदी ठेवणारे सर्व्हर) आणि हस्तांतरण रोखणाऱ्या कुलुपांची स्थिती कळते. म्हणून नोंदींचा इतिहास विकत देणाऱ्या सेवांतून २०१८ पूर्वीची नावं काढायची आणि फेरफारांची साखळी जुळवायची : पहिला नोंदणीदार कोण, त्याच्याकडून कुणाकडे, कोणत्या कागदाने. प्रत्येक सांध्याला खरेदीखत किंवा पावती हवी. विक्रेता कंपनी असेल तर सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठरावही हवा.

साखळीत गेल्या वर्ष-दीड वर्षातला एखादा फेरफार दिसला, तर आधीच्या मालकाला स्वतः गाठायचं. विक्रेत्याने दिलेला नंबर वापरायचा नाही. जुन्या संकेतस्थळाच्या संग्रहित प्रतींतून किंवा कंपनी-नोंदींतून तो स्वतंत्रपणे काढायचा. “तुम्ही हे नाव विकलं होतं का?” एवढा एकच प्रश्न. १९९५ मध्ये हा फोन झाला नाही, आणि पुढचं सगळं रामायण घडलं.

चोरीच्या मालाच्या खुणा ठरलेल्या असतात. वर्षानुवर्षं एकाच रजिस्ट्रारकडे असलेलं नाव अचानक दुसऱ्या देशातल्या रजिस्ट्रारकडे गेलेलं असतं. संपर्काचा ईमेल नुकताच बदललेला असतो. भाव बाजाराच्या मानाने फारच कमी असतो, विक्रेत्याला आजच व्यवहार उरकायचा असतो आणि एस्क्रोचं (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिसऱ्या संस्थेचं) नाव काढलं की तो चिडतो. यातल्या एकट्या खुणेला साधं कारण असू शकतं. दोन एकत्र दिसल्या तर थांबावं.

मग बोजा. विक्रेत्याच्या नावावर तारणाची नोंद आहे का, हे तो ज्या ठिकाणी नोंदलेला आहे तिथल्या नोंदवहीत बघायचं. अमेरिकेत ती यूसीसी या व्यापारी कायद्याखालच्या राज्यनिहाय नोंदीत सापडते. ही नोंद कर्जदाराच्या नावाने लावलेली असते, डोमेनच्या नावाने नव्हे. त्यामुळे डोमेन टाकून शोधणाऱ्याला सगळं कोरं दिसतं आणि तो निर्धास्त होतो. कर्ज निघालं तर धनकोकडून शिल्लक रकमेचं लेखी पत्र घ्यायचं आणि एस्क्रोतून ती रक्कम थेट त्यालाच द्यायची. विक्रेत्याच्या हाती पैसे देऊन ‘तुम्ही फेडून टाका’ म्हणणं हे भाबडेपण आहे.

ट्रेडमार्कचं तपासणंही इथंच उरकावं. १९९९ मध्ये आलेल्या यूडीआरपी या तंट्याच्या पद्धतीत तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नाव त्याच्या चिन्हाशी गोंधळ व्हावा इतकं जुळतं, धारकाला त्यात रास्त हक्क नाही, आणि नोंदणी व वापर दोन्ही वाईट हेतूने झाले. कोशातला साधा शब्द सहसा सुरक्षित असतो. पण त्याच शब्दाचा ब्रँड असेल आणि पानावर त्या ब्रँडच्या स्पर्धकांच्या जाहिराती लावल्या असतील, तर शब्द साधा असूनही धारक अडचणीत येतो.

पैसे आणि डोमेन यांची अदलाबदल

करारात डोमेन अक्षरशः लिहावं, अक्षर अन् अक्षर तपासून. दिसायला सारखी पण वेगळ्या लिपीतली अक्षरं घातलेली नावं असतात. किंमत, चलन, एस्क्रोची फी कुणाची, तारीख, मालकी निर्वेध असल्याची हमी, हमी खोटी निघाल्यास भरपाई, आणि नंतरही सह्यांसाठी सहकार्य करण्याची जबाबदारी, एवढं हवंच. ‘आहे तसं’ या तत्त्वावरची विक्री भेटींच्या आकड्यांपुरती मान्य करावी, मालकीपुरती कधीच नाही.

एस्क्रोचा क्रम असा : दोघं अटी मान्य करतात, खरेदीदार एस्क्रोकडे रक्कम भरतो, रक्कम खरोखर जमा झाल्याची खात्री एस्क्रो देते, विक्रेता डोमेन हलवतो, खरेदीदार ठरलेल्या मुदतीत तपासून मान्यता देतो, मग पैसे सुटतात. फसवणूक बहुधा इथे दोन जागी होते. एक, एस्क्रोच्या नावासारखंच बनावट संकेतस्थळ. म्हणून दुवा ईमेलमधून उघडू नये, पत्ता स्वतः टाइप करावा. दोन, शेवटच्या क्षणी आलेला ‘बँक खातं बदललंय’ असा ईमेल. अशा वेळी आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर बोलल्याशिवाय एक पैसाही हलवू नये. विक्रेत्याने क्रेडिट कार्डाने पैसे घेऊ नयेत. कार्डाचा व्यवहार नंतर उलटवता येतो, हस्तांतरित डोमेन मात्र तितक्या सहज परत येत नाही.

हस्तांतरणाचे दोन मार्ग. दोघांची खाती एकाच रजिस्ट्रारकडे असतील तर खात्यातून खात्यात ‘पुश’ होतं आणि काम मिनिटांत उरकतं. रजिस्ट्रार बदलायचा असेल तर विक्रेता कुलूप काढतो, म्हणजे ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ ही स्थिती हटवतो, ऑथ कोड (हस्तांतरणाचा गुप्त संकेत) देतो, आणि खरेदीदार नव्या रजिस्ट्रारकडे तो भरतो. जुन्या रजिस्ट्रारने पाच दिवसांत नकार दिला नाही तर हस्तांतरण पुरं होतं. डॉट कॉमच्या मुदतीत यामुळे एक वर्ष वाढतं, एकूण कमाल मर्यादा दहा वर्षांची.

इथली नेहमीची चूक क्रमाची असते. डोमेनव्यवस्थेचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या २०१६ पासून लागू असलेल्या नियमाने नोंदणीदाराचं नाव बदललं की रजिस्ट्रार बदलण्यावर ६० दिवसांची बंदी लागते. आधीच सूट मागितली आणि रजिस्ट्रारने ती दिली तरच टळते. घाईने आधी नाव बदलणारा विक्रेता खरेदीदाराला दोन महिने त्याच रजिस्ट्रारकडे अडकवून ठेवतो, आणि तोवर एस्क्रोतले पैसेही अडकतात. त्यापेक्षा आधी पुश करून घ्यावं, दोन महिने तिथंच राहू द्यावं. डोमेन कुठे बसलंय यापेक्षा कुणाच्या खात्यात बसलंय हे महत्त्वाचं.

चालू संकेतस्थळासकट डोमेन घेत असाल तर डीएनएसकडे लक्ष द्या. बदलाच्या दोन दिवस आधी टीटीएल (इतर सर्व्हर नोंद किती वेळ साठवून ठेवतात ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा. डीएनएससेक (डीएनएस नोंदींवर डिजिटल सही करण्याची सोय) सुरू असेल तर नेमसर्व्हर बदलण्याआधी रजिस्ट्रारकडची डीएस नोंद (त्या सहीच्या किल्लीची ओळख) काढा आणि तिचा टीटीएल उलटेपर्यंत थांबा. डॉट कॉममध्ये तो साधारण एक दिवसाचा असतो. जुनी डीएस नोंद राहिली आणि नवा सर्व्हर वेगळ्या किल्लीने सही करू लागला, तर पडताळणी करणाऱ्या सर्व रिझॉल्व्हरवर (वापरणाऱ्यासाठी पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरवर) संकेतस्थळ आणि ईमेल दोन्ही गायब होतात. ज्यांचा रिझॉल्व्हर पडताळत नाही त्यांना मात्र सगळं ठीक दिसतं, त्यामुळे दोष शोधायला भलताच वेळ जातो.

विक्रेत्यानेही विकण्यापूर्वी आपली जुनी पत्रपेटी आवरावी. त्या डोमेनवरच्या ईमेल पत्त्यांनी इतर सेवांची खाती उघडलेली असतात. डोमेन गेलं की पासवर्ड बदलण्याचे दुवे नव्या मालकाच्या हाती पडतात.

‘मिळालं’ केव्हा म्हणायचं, हे करारातच लिहावं : डोमेन खरेदीदाराच्या खात्यात दिसतं, नोंदणीदार म्हणून त्याचं नाव लागलं आहे, हस्तांतरणाचं कुलूप पुन्हा लागलं आहे. तिन्ही झाल्यावरच एस्क्रोला मान्यता द्यायची. नुसतं आपलं पान उघडलं म्हणजे डोमेन मिळालं, असं नव्हे. तेवढं नेमसर्व्हर बदलूनही होतं.

त्याच दिवशी दुहेरी पडताळणी सुरू करा, ती मोबाइल संदेशावर न ठेवता अ‍ॅपवर किंवा हार्डवेअर किल्लीवर ठेवा. नाव फार मोलाचं असेल तर रजिस्ट्री लॉक घ्या. हे कुलूप रजिस्ट्रीच्या, म्हणजे सगळ्या डॉट कॉमची मुख्य नोंदवही ठेवणाऱ्या संस्थेच्या, पातळीवर लागतं आणि रजिस्ट्रारच्या खात्यात घुसलेल्या चोरालाही ते उघडता येत नाही; काढायला माणसामाणसांतली ओळख-पडताळणी लागते. रजिस्ट्रारकडे दिलेला संपर्क-ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन गेलं तर ते गेल्याची सूचना येणारा पत्ताही त्याबरोबरच जातो.

एवढं करूनही गेलंच, तर आधी आपल्या रजिस्ट्रारला लेखी कळवा आणि त्याला नव्या रजिस्ट्रारच्या तातडीच्या संपर्काकडे तक्रार न्यायला सांगा. आयकॅनच्या नियमाने त्या संपर्काला चार तासांत प्रतिसाद द्यावा लागतो, मात्र ही वाट दोन रजिस्ट्रारांपुरती आहे, तुम्हाला ती थेट वापरता येत नाही. रजिस्ट्रारांमधल्या हस्तांतरण-तंट्याची मुदत १२ महिन्यांची. तीही उलटली की उरतं ते कोर्ट, आणि तिथे पहिला प्रश्न पावत्यांचाच येतो.